शिलाँगला मुक्काम ठेवून मेघालय पाहताना : एकेका दिवसाच्या सहलींची आखणी

शिलाँगला मुक्काम ठेवून मेघालय पाहायचे असेल, तर आधी नकाशा समोर घ्यावा आणि प्रेक्षणीय स्थळांची यादी थोडा वेळ बाजूला ठेवावी. यादीत सोहरा म्हणजेच चेरापुंजी, मॉलिन्नाँग, डावकी, लाइटलम, मॉफ्लांग, जोवाई ही नावे एकाखाली एक येतात आणि सगळी ठिकाणे एकमेकांना खेटून असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात शिलाँग पठाराच्या मध्यभागी, सुमारे १,५०० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि तिथून फुटणारे रस्ते वेगवेगळ्या दिशांना जातात. मध्ये खोल दऱ्या असल्यामुळे एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायचे तर बहुतेक वेळा बरेच अंतर मागे यावे लागते. सोहरा, मॉलिन्नाँग आणि डावकी एकाच दिवसात ‘उरकून’ देणारे कार्यक्रम सर्रास विकले जातात. त्यात दिवसाचा बहुतेक भाग गाडीच्या काचेतून डोंगर पाहण्यात जातो. म्हणून एका दिवशी एकच दिशा धरावी, हा नियम पुढील साऱ्या आखणीचा पाया आहे.

दिशेइतकेच महत्त्व उजेडाला आहे. भारतभर घड्याळ एकच असले तरी सूर्य ईशान्येकडे आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरात शिलाँगला साडेचारच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा मुंबईत उन्हे अजून कलतीच असतात. जूनमध्येही सव्वासहा-साडेसहाला अंधारून येते. आपल्याकडच्या सवयीने नऊ-साडेनऊला नाश्ता करून निघालेल्या पर्यटकाच्या हातात हिवाळ्यात जेमतेम सहा-सात तासांचा उजेड उरतो आणि त्यातले चार तास प्रवासात जातात. त्यामुळे लांबच्या सहलीला सकाळी साडेसहाच्या सुमारास गाडी निघालीच पाहिजे. यात दुसरा फायदाही आहे: शिलाँगचे रस्ते अरुंद आहेत, शाळा-कचेऱ्यांच्या वेळेला शहराबाहेर पडायलाच तासभर लागू शकतो, आणि सातच्या आत निघाले तर ही कोंडी टळते. हॉटेलात इतक्या सकाळी नाश्ता मिळेलच असे नाही. तो वाटेवरच्या टपरीवर करावा किंवा आदल्या रात्री बांधून मागावा.

तिसरी गोष्ट पावसाची. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे बांगलादेशाच्या सपाट मैदानावरून बिनअडथळा येतात आणि खासी टेकड्यांच्या दक्षिण कड्याला धडकून एकदम वर चढतात; म्हणून त्या कड्यावरच्या सोहरा आणि मॉसिनराम या गावांत वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या पावसाच्या जवळपास दुप्पट म्हटले, तर मराठी वाचकाला अंदाज येईल. सोहऱ्याला ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शिलाँग मात्र कड्यापासून आत, उत्तरेला असल्याने तिथे याच्या एक चतुर्थांशाहूनही कमी पाऊस होतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की शिलाँगच्या खिडकीतून दिसणाऱ्या आभाळावरून सोहऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. सकाळी निघण्यापूर्वी चालकाला सोहऱ्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावायला सांगावे. हवामानाच्या कोणत्याही ॲपपेक्षा त्या उत्तराचा भरवसा अधिक. या भागातला पावसाचा मोठा वाटा रात्री आणि पहाटे कोसळतो, त्यामुळे पहाटे धो-धो पाऊस म्हणून सहल रद्द करण्याची घाई करू नये.

कोणत्या महिन्यात जावे, याचे एकच उत्तर देता येत नाही. धबधबे पाहायचे तर पावसाळा संपता संपता, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम, कारण पाणी भरपूर असते आणि धुके सारखे आड येत नाही. डावकीच्या नदीचा तळ पाहायचा तर नोव्हेंबर ते मार्च. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोहऱ्याला गेलेल्यांना नोहकालिकाई धबधब्याच्या जागी कड्यावरून लोंबणारी बारीक धार दिसते आणि जगातल्या सर्वाधिक पावसाच्या प्रदेशात टँकरने पाणी येताना पाहून नवल वाटते. पडलेले पाणी उतारावरून थेट मैदानात वाहून जाते आणि चुनखडीच्या खडकात साठून राहत नाही, हे त्यामागचे कारण. धबधबे आणि डावकीचा तळ दोन्ही एकाच सहलीत हवे असतील तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा ही त्यातल्या त्यात बरी तडजोड आहे.

गाडीचे गणित

चार-पाच जण असतील तर दिवसभरासाठी टॅक्सी ठरवणे सोयीचे. ती मेघालयात नोंदलेली, पिवळ्या पाटीची असावी. गुवाहाटीहून आणलेली गाडी दारात ठेवून तीच सगळीकडे फिरवण्याला इथल्या टॅक्सी संघटनांचा विरोध आहे आणि त्या वादात पर्यटकाने पडण्याचे कारण नाही. भाडे ठरवताना ‘सोहरा’ एवढेच न म्हणता कोणकोणत्या ठिकाणी थांबायचे ते नावानिशी सांगावे, आणि वाहनतळाचे शुल्क भाड्यात धरले आहे का, हेही विचारून घ्यावे. इथे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्या त्या गावाची समिती प्रवेशशुल्क, वाहनतळ आणि कॅमेरा यांचे वेगवेगळे पैसे घेते. रक्कम किरकोळ असते, पण दिवसभरात सात-आठ वेळा द्यावी लागते आणि दरीच्या काठावर मोबाइलचे नेटवर्क गेले की यूपीआय निरुपयोगी ठरते. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांचे पुडके जवळ असलेले बरे.

एकट्याने किंवा दुकट्याने फिरणाऱ्यांसाठी वाटून घ्यायच्या सुमो हा स्वस्त पर्याय आहे. बडा बाजारालगतच्या मॉलाँग हाट परिसरातून सोहऱ्याकडे जाणाऱ्या सुमो सुटतात. वेळापत्रक नसते, गाडी भरली की निघते, आणि ‘भरली’ याचा अर्थ मधल्या आसनावर चार जण, मागे चार जण आणि टपावर भाजीच्या करंड्या, कोंबड्यांची खुराडी व कुणाचा तरी पत्र्याचा ट्रंक, असा घ्यायचा असतो. जाताना फारशी अडचण येत नाही. परतीची शेवटची गाडी मात्र दुपारीच निघून गेलेली असू शकते, म्हणून उतरतानाच ती वेळ चालकाला विचारून ठेवावी. सुमो गावापर्यंत पोचवते, धबधब्यांपर्यंत नाही. तिथून पुढे स्थानिक टॅक्सी करावी लागते.

दक्षिणेची वाट : सोहरा

शिलाँगपासून सोहरा साधारण ५५ किलोमीटरवर आहे. रस्ता चांगला असला तरी थांबत-थांबत जायला दोन तास धरावेत. शहराबाहेर पडताच एलिफंट फॉल्सची पाटी लागते आणि प्रत्येक चालक तिथे गाडी वळवू पाहतो. पायऱ्या उतरून तीन टप्प्यांचा हा धबधबा पाहायला पाऊण तास लागतो. पुढे जे दिसणार आहे त्याच्या मानाने तो सामान्य असल्याने सकाळचा मोलाचा उजेड इथे खर्चू नये. परतताना वेळ उरला तर पाहावा. उमटिंगार या नाक्यावर रस्ता फुटतो: एक फाटा सोहऱ्याकडे, दुसरा पिनुर्स्लामार्गे डावकीकडे. सोहऱ्याच्या फाट्यावर थोडे पुढे मॉकडॉकचा पूल लागतो आणि तिथून डाव्या-उजव्या हाताला दरी उघडत जाते. पहिला थांबा इथेच घ्यावा.

सोहऱ्यात पोचल्यावर आधी नोहकालिकाई गाठावा. सुमारे ३४० मीटरची ही सरळ उडी भारतातल्या सर्वांत उंच धबधब्यांपैकी एक आहे, आणि दुपारनंतर दरीतून ढग वर येऊ लागले की समोर फक्त पांढरा पडदा राहतो. म्हणून क्रम उलटा करू नये. ढग आलेच तर पंधरा-वीस मिनिटे चहा घेत थांबावे, कारण पडदा जितक्या अचानक पडतो तितक्याच अचानक बाजूलाही होतो. त्यानंतर गुहा. मॉस्माई गुहेत दिवे आहेत, वाट आखलेली आहे आणि अर्ध्या तासात बाहेर पडता येते. मात्र दोन-तीन ठिकाणी अंग चोरून, वाकून जावे लागते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी बाहेर थांबलेले बरे. आरवा गुहा तुलनेने शांत असून तिच्या भिंतींत जीवाश्मांचे ठसे स्पष्ट दिसतात; एकच गुहा पाहायची झाली तर मी तीच निवडेन. वेई सॉडाँगचा तीन टप्प्यांचा धबधबा देखणा आहे, पण खाली जाणारी वाट तीव्र उताराची, काही ठिकाणी बांबूच्या शिड्यांची आहे आणि पावसात ती टाळावी हेच उचित.

सोहऱ्याच्या शेतांत पाऊस चालू असताना बायका पाठीवर बांबू आणि पानांचे, डोक्यापासून कमरेखालपर्यंत येणारे आवरण घेऊन वाकून काम करताना दिसतात. ‘क्नुप’ हे त्याचे खासी नाव. कोकणातले इरले ज्याने पाहिले आहे त्याला ते लगेच ओळखीचे वाटेल. दोन्ही हात मोकळे ठेवणारी ही युक्ती पर्यटकाच्या छत्रीहून कितीतरी सरस आहे, कारण कड्यावरचा वारा छत्री पहिल्या पाच मिनिटांत उलटी करतो. छत्रीऐवजी चांगला रेनकोट आणि पकड असलेले बूट आणावेत.

नोंग्रियाटचा, झाडांची जिवंत मुळे गुंफून केलेला दुमजली पूल हे सोहऱ्याजवळचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण, आणि शिलाँगहून एका दिवसात करू नये असेही हेच. तिरना गावातून सुमारे तीन-साडेतीन हजार पायऱ्या उतरून तिथे जावे लागते आणि अर्थात तेवढ्याच चढून यावे लागते. वाटेत तारेचे हेलकावणारे झुलते पूलही आहेत. शिलाँग ते तिरना जाऊन-येऊन चार-पाच तास आणि चालण्याचे पाच-सहा तास ही बेरीज हिवाळ्यातल्या उजेडात बसत नाही. ज्यांना हा पूल पाहायचाच आहे त्यांनी एक रात्र नोंग्रियाटमध्ये किंवा सोहऱ्यात काढावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुलावर जावे. दुपारच्या गर्दीत रांगेने ओलांडावा लागणारा पूल त्या वेळी रिकामा असतो.

डावकी आणि मॉलिन्नाँग

उमटिंगारच्या दुसऱ्या फाट्याने डावकी शिलाँगपासून ८० किलोमीटरच्या थोडे पुढे आहे. या प्रवासात आपण दीड हजार मीटरवरून जवळजवळ बांगलादेशाच्या मैदानाच्या पातळीला उतरतो, त्यामुळे सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो काढून हातात धरावा लागतो. वळणे पुष्कळ आहेत. गाडी लागणाऱ्यांनी निघण्याआधी अर्धा तास गोळी घ्यावी. रस्तारुंदीकरणाची कामे या मार्गावर बराच काळ चालू असल्याने ठरलेल्या वेळेत तासाभराची सूट ठेवावी.

डावकीला लोक येतात ते उमंगोट नदीसाठी. छायाचित्रांत नाव हवेत तरंगताना दिसते, ती करामत कॅमेऱ्याची नसून उन्हाची आहे: पाणी स्वच्छ आणि सूर्य डोक्यावर असला की नावेची सावली थेट तळाच्या गोट्यांवर, नावेपासून सुटी पडते आणि मधले पाणी डोळ्यांना जाणवत नाही. म्हणून दहा ते दोन ही वेळ साधावी. ढगाळ दिवशी किंवा तिरप्या उन्हात तीच नदी नेहमीसारखी हिरवी दिसते. पावसाळ्यात ती गढूळ असते, आणि वरच्या अंगाला खोदकामाची माती पाण्यात आली तर हिवाळ्यातही गढूळ होऊ शकते, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करावी. डावकीचा १९३२ सालचा झुलता पूल आणि त्याखालची नावांची गर्दी पाहून झाली की काही किलोमीटर वरच्या अंगाला असलेल्या श्नोंगप्डेंगला जावे. नाव तिथेच घेतली तर अधिक चांगले, कारण तिथे नदीही शांत आणि माणसेही कमी. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय नावेत बसू नये. पलीकडे तामाबिल, म्हणजे बांगलादेश. सीमेजवळ छायाचित्रे काढण्यापूर्वी तिथल्या जवानांना विचारावे.

मॉलिन्नाँग याच दिशेला, मुख्य रस्त्यापासून आत आहे. २००३ साली एका प्रवासविषयक नियतकालिकाने आशियातले सर्वांत स्वच्छ गाव म्हणून गौरवल्यापासून तिथे बसगाड्यांची रीघ लागलेली असते. बांबूच्या कचरापेट्या, फुलझाडांनी भरलेली अंगणे आणि झाडलेल्या पायवाटा खरोखर सुंदर आहेत, पण तासाभराच्या वर तिथे करण्यासारखे काही नाही आणि लोकांच्या राहत्या घरांत डोकावत फिरणे काहीसे संकोचाचे वाटते. तिथे जाण्याचे खरे कारण जवळचा रिवाईचा मुळांचा पूल. रबराच्या वडाची हवाई मुळे बांबूच्या किंवा पोकळ केलेल्या सुपारीच्या खोडाच्या आधाराने ओढ्यापलीकडे नेतात, ती पलीकडच्या मातीत रुजतात, आणि पंधरा ते तीस वर्षांनी त्यांचा माणसांचे वजन पेलणारा पूल होतो. जवळ जाऊन पाहिले तर मांडीएवढ्या जाड मुळांत बोटाएवढी कोवळी मुळे नव्याने गुंफलेली दिसतात आणि पायाखालच्या फटींत दगड बसवून चालण्याजोगी जागा केलेली असते. म्हणजे पूल अजून बांधला जातो आहे. असे पूल २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आहेत. नोंग्रियाटला जाऊ न शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी रिवाई हा समाधानकारक पर्याय आहे, कारण इथे पायऱ्या थोड्याच उतराव्या लागतात.

कमी अंतराच्या, पण न चुकवण्याच्या सहली

पश्चिमेला २५ किलोमीटरवरचे मॉफ्लांगचे देवराई-वन माझ्या मते या साऱ्या परिसरातले सर्वांत मोलाचे ठिकाण आहे. सह्याद्रीतल्या देवरायांना लागू असलेला दंडक इथे अधिक कडकपणे पाळला जातो: वनातून पानसुद्धा बाहेर न्यायचे नाही. बाहेर मोकळे गवताळ मैदान आणि आत पाऊल टाकताच शेवाळलेली खोडे, आमरी, नेचे आणि जमिनीवर पानांचा जाड थर, इतका फरक दहा पावलांत पडतो. वाटाड्या इथल्याच गावचा असतो आणि त्याला सोबत घेणे आवश्यक आहे. पूर्वी विधी होत असत त्या जागेचे उभे दगड आणि झाडांचे उपयोग तो दाखवतो. छोटी फेरी न घेता तासाभराची मोठी फेरी मागावी. वेळ आणि दम असेल तर इथूनच सुरू होणारी, लाड मॉफ्लांगपर्यंत जाणारी १६ किलोमीटरची डेव्हिड स्कॉट पायवाट हा स्वतंत्र दिवसाचा कार्यक्रम होऊ शकतो. ब्रिटिश काळात आसाम आणि सिल्हेट यांना जोडण्यासाठी पाडलेल्या जुन्या घोडवाटेचा हा तुकडा आहे. त्या दिवशी गाडी लाड मॉफ्लांगला बोलवावी. न चालणाऱ्यांना मॉफ्लांगहून पुढे मॉसिनरामला जाता येते, मात्र सर्वाधिक पावसाचे गाव ही कीर्ती सोडली तर तिथे एका गुहेखेरीज फारसे पाहण्यासारखे नाही.

लाइटलम स्मित गावाच्या पुढे, शिलाँगपासून तासाभरावर आहे. पठार अचानक संपते आणि पायाखाली दरी सुरू होते. कठडे सगळीकडे नाहीत, म्हणून मुलांचा हात सोडू नये. इथेही सकाळच हवी. नऊच्या आत पोचले तर दरीच्या तळातल्या गावाकडे उतरणारी पायऱ्यांची रेघ स्पष्ट दिसते.

पूर्वेची जोवाईची वाट जैंतिया टेकड्यांत जाते. नार्तियांगला उभ्या शिळांचे विस्तीर्ण पटांगण आहे. सर्वांत उंच शिळा सुमारे आठ मीटरची आहे, उभे दगड पुरुषांचे आणि आडवे स्त्रियांचे मानले जातात. जवळच दुर्गेचे जुने मंदिर आहे. क्रांग सुरीचा निळ्या डोहाचा धबधबा जोवाईच्या दक्षिणेला असून नार्तियांग आणि क्रांग सुरी एकाच दिवशी होऊ शकतात, पण त्यासाठी दिवस मोठा हवा. डावकीहून आमलारेममार्गे क्रांग सुरी गाठून जोवाईवरून शिलाँगला परतणे नकाशावर मोहक दिसते. मार्च-एप्रिलमध्ये ते जमते, डिसेंबरात शेवटचा टप्पा अंधारात करावा लागतो.

शिलाँग शिखर, म्हणजे सुमारे १,९६५ मीटरचे राज्यातले सर्वोच्च ठिकाण, हवाई दलाच्या हद्दीत येते. प्रवेश कधी चालू, कधी बंद असतो, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवून आधी विचारून जावे.

रविवार आणि शहरातला दिवस

बहुसंख्य लोक ख्रिस्ती असल्याने रविवारी सकाळी चर्चची वेळ असते, बाजार बंद असतो, सुमो कमी धावतात आणि काही गावे त्या दिवशी पर्यटकांना घेत नाहीत. रविवारी लाइटलमसारखी मोकळी जागा ठेवावी आणि दुपारी वॉर्ड्स लेकच्या काठी फिरावे. शहरासाठी आठवड्यातला वेगळा अर्धा दिवस राखावा. मॉलाईचे डॉन बॉस्को संग्रहालय सात मजली आहे आणि ईशान्येतल्या जमातींची घरे, वस्त्रे, वाद्ये, शेतीची अवजारे तिथे इतकी नीट मांडली आहेत, की ते पहिल्याच दिवशी पाहिले तर पुढच्या गावांत काय दिसते आहे ते उमगते. पाऊस थांबायचे नाव घेत नसेल तर हाच कार्यक्रम त्या दिवशी सरकवावा. इएवदुह, म्हणजे बडा बाजार, सकाळी दहाच्या आसपास पाहावा. गल्ल्या अरुंद, उताराच्या आणि ओल्या असतात, पाठीवर ओझे घेतलेल्या हमालांना वाट द्यावी लागते, आणि बहुतेक गाळ्यांवर बायका बसलेल्या दिसतात. खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि घर धाकट्या मुलीकडे जाते. दुकानदार बाईला ‘काँग’ म्हणून हाक मारावी, ती ताईसारखी आदराची हाक आहे. चेहऱ्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

उत्तरेला, गुवाहाटीच्या वाटेवर, १५-१६ किलोमीटरवर असलेल्या उमियम जलाशयासाठी वेगळा दिवस काढण्याची गरज नाही. १९६०च्या दशकात जलविद्युत प्रकल्पासाठी बांधलेल्या धरणाचे हे पाणी येताना किंवा जाताना वाटेतच लागते. परतीच्या दिवशी तिथे थांबायचे असेल, तर दुपारच्या विमानासाठी शिलाँगहून सहा तास आधी निघावे, कारण गुवाहाटीचा विमानतळ शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि जोराबाटच्या नाक्यावर मालमोटारींची रांग किती लांब असेल याचा नेम नसतो.